उसातला केवडा आणि गरोदरपणातली लोहाची गोळी

(ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग)



शेतकी विभागाच्या या पानावर एरवी लागण, बेणे, खताचे हप्ते, तोडीचा कार्यक्रम असे विषय येतात. या वेळी लोहाबद्दल लिहीत आहे. परंतु त्यातला थोडाच भाग उसाच्या लोहाबद्दल असून बाकीचा घरातल्या दिवस गेलेल्या लेकी-सुनांच्या लोहाबद्दल आहे. कारण असे की, गटात फिरताना बांधावर हल्ली एक नवाच प्रश्न येतो. "साहेब, लोहाच्या गोळ्यांनी अंगात ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस होतो, बाळाला अपाय होतो, असं मोबाईलवर आलंय. सूनबाईची गोळी चालू ठेवावी का बंद करावी?" विचारणारे बहुधा सासरे, नाहीतर नवरा. जिला गोळी खायची ती चहाचा कप ठेवून आत गेलेली असते.

मी डॉक्टर नव्हे. गोळी चालू-बंद करण्याचा अधिकार आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांचा. परंतु लोह कमी पडले तर काय होते आणि बेहिशेबी झाले तर काय होते, हे ऊसवाल्याला जितक्या लवकर समजेल तितके दुसऱ्या कोणाला समजणार नाही, म्हणून हा खटाटोप. मोबाईलवरच्या त्या मजकुरात थोडे खरे आहे. तेवढे थोडे खरे अर्धवट ऐकून बाई गोळी कचऱ्यात टाकते, आणि घात तिथे होतो.

प्रथम आपल्या शिवाराकडे पाहू. घोड आणि भीमेच्या काठाने, तसेच कालव्याच्या पाण्याखाली आलेल्या पुष्कळशा जमिनी चुनखडीच्या आहेत. अशा जमिनीत उसावर केवडा पडतो. पोंग्याजवळची कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून मधे पिवळी होतात आणि पुढेपुढे पार पांढरी पडतात. हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण. गंमत अशी, की आपल्या काळ्या जमिनीत लोहाला तोटा नाही. खडकच लोहयुक्त आहे. पण चुनखडीमुळे ते अशा रूपात अडकते की मुळीला घेता येत नाही. माती परीक्षणात आपण 'उपलब्ध लोह' असा शब्द वापरतो तो यासाठीच. असणे वेगळे आणि मिळणे वेगळे.

यावर शिफारस आपल्याला पाठ आहे. हेक्टरी २५ किलो फेरस सल्फेट, म्हणजे आपला हिराकस, चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, पाच-सहा दिवस मुरवून मग सरीत द्यायचा. उभ्या पिकात केवडा दिसला तर अर्धा टक्का द्रावणाची फवारणी, आणि त्यात सायट्रिक अॅसिड किंवा लिंबाचा रस. लिंबू कशाला, तर लोह विरघळलेल्या स्थितीत राहावे म्हणून. उघडा राहिलेला हिराकस हवेने तपकिरी होतो, तो मग कामाचा राहत नाही. आणि कोणी उत्साहाने दुप्पट-तिप्पट कडक द्रावण मारले, तर पान हिरवे होण्याऐवजी भाजल्यासारखे करपते. औषध तेच, जमीन तीच. बिघडले ते प्रमाण.

आता घरात या. सरकारी उपकेंद्रातून गरोदर बाईला जी लाल गोळी मिळते, तिच्यातही फेरस सल्फेटच असते. एका गोळीत ६० मिलिग्रॅम शुद्ध लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड. (म्हणून कोणी गोदामातला हिराकस चाटायला जाऊ नये. तो खताचा माल आहे, त्यात काय काय मिसळलेले असते ते आम्हालाच ठाऊक.) चौथ्या महिन्यापासून रोज एक, अशा १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. पहिल्या तीन महिन्यांत नुसती फॉलिक अॅसिडची गोळी असते.

एवढे लोह लागते कशाला? रक्ताचा तांबडा रंग ज्यामुळे आहे ते हिमोग्लोबिन लोहावाचून बनत नाही, आणि श्वासातला प्राणवायू अंगभर पोचवणे हे त्याचे काम. पोटात बाळ वाढू लागले की बाईचे रक्त वाढावे लागते, वार तयार व्हावी लागते, बाळाला स्वतःचे रक्त आणि जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांची शिदोरी लागते. सगळे मिळून नऊ महिन्यांत सुमारे १००० मिलिग्रॅम, म्हणजे एक ग्रॅम लोह. ऐकायला चिमूटभर. परंतु भाकरी, डाळ, पालेभाजी अशा जेवणातले लोह अंगी लागते ते शेकडा पाच-दहा भाग. धान्य-कडधान्याच्या टरफलातले फायटेट त्याला चुनखडीसारखे धरून ठेवते. म्हणजे इथेही असणे वेगळे, मिळणे वेगळे.

एक फरक मात्र ध्यानात घ्यावा. उसाच्या जुन्या पानातले लोह नव्या पानाकडे सरकत नाही, म्हणून कोवळे पान आधी पिवळे पडते. आई तशी नाही. ती स्वतःच्या साठ्यातले आधी बाळाला देते. त्यामुळे बाळ पोटात ठीक वाढतेय असे दिसते आणि आई आतून रिकामी होत जाते. धाप, चक्कर, पायाला गोळे, नखे-डोळे पांढरे. त्याला घरात 'दिवस गेलेत, एवढं चालायचंच' म्हणून सोडून देतात. हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली गेले की रक्तक्षय, ७ ते ९.९ म्हणजे मध्यम, आणि ७ च्या खाली म्हणजे तीव्र. बाळंतपणात रक्त जातेच. अकरा-बाराची बाई ते सोसते. सहा-सातच्या बाईजवळ सोसायला काही शिल्लक नसते, आणि रात्री दोन वाजता पुण्याची गाडी शोधण्याची पाळी येते. गोळी बंद करावी का, या प्रश्नात एवढे दडलेले आहे.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या गरोदर स्त्रियांपैकी ५२.२ टक्के रक्तक्षयाच्या निघाल्या. महाराष्ट्रात ४५.७ टक्के. आणि १८० दिवस गोळ्या पुऱ्या करणाऱ्या देशभरात शंभरात २६. कार्यक्रम आजचा नाही, १९७० पासूनचा आहे. तेव्हा गोळीत ६० मिलिग्रॅम लोह होते, १९९० नंतर ते १०० केले, आणि २०१८ मध्ये 'अॅनिमिया मुक्त भारत' मोहीम आली तेव्हा पुन्हा ६० वर आणले. म्हणजे प्रमाणाचा विचार करणारेही करतच आहेत.

आता तो ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. मराठीत सरळ सांगायचे तर अंगातला गंज. आपण श्वास घेतो, अन्न जाळतो, त्यात काही अर्धवट जळालेले, भांडखोर कण तयार होतात. त्यांना मुक्त कण म्हणतात. ते पेशींच्या पडद्याला, आतल्या द्रव्यांना चावत सुटतात. अंगात त्यांचा बंदोबस्त करणारी फौज असते. कण जास्त आणि फौज कमी पडली की जो ताण येतो तो हा. लोहाचा इथे संबंध असा, की मोकळे सुटलेले लोह अंगातल्या हायड्रोजन पेरॉक्साइडशी गाठले की त्यातून फार जहाल मुक्त कण तयार होतो. फेंटन नावाच्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने लोह-पेरॉक्साइडची ही क्रिया १८९४ मध्येच वर्णिली. म्हणजे मोबाईलवरचा मजकूर अगदी हवेतला नाही.

परंतु शरीर लोहाला मोकळे फिरू देत नाही. वाहतुकीला ट्रान्सफेरिन नावाचे प्रथिन आहे, साठवणीला फेरिटिन नावाचे गोदाम. शिवाय किती लोह आत घ्यायचे यावर हेप्सिडिन नावाचा मुकादम बसलेला आहे. यकृतात तयार होणारे हे द्रव्य लोह भरपूर झाले की आतड्याचे फाटक लावते, कमी पडले की उघडते. आपल्या कारखान्यासारखेच म्हणा. गव्हाणीची जेवढी ताकद, तेवढीच वाहने आत. एकदम पन्नास गाड्या आणून उभ्या केल्या म्हणून गाळप वाढत नाही. ऊस अड्ड्यावर वाळतो आणि उतारा जातो. तसेच एका वेळी जास्त लोह घेतले तरी अंगी लागण्याचा वाटा घटतो, आणि उरलेले आतड्यातून पुढे जाते. शौचास काळी होते ती याच न शोषलेल्या लोहाने. त्यात रक्त नाही, घाबरण्याचे कारण नाही. मळमळ, पोटात गुरगुर, घट्ट होणे हेही बरेचसे त्यामुळेच. गरोदरपणात दुसऱ्या तिमाहीनंतर हेप्सिडिन आपोआप उतरते आणि फाटक जास्त उघडते. निसर्गानेच तोडीचा कार्यक्रम बदलून दिला आहे म्हणायचा.

झुरिचच्या संशोधकांनी २०१५ आणि २०१७ मध्ये दाखवले की लोहाचा मोठा डोस घेतला की हेप्सिडिन साधारण दिवसभर चढलेले राहते, म्हणून एक दिवसाआड घेतलेल्या गोळीतले लोह टक्केवारीने जास्त शोषले जाते. पण त्या बायका गरोदर नव्हत्या. तेवढ्यावरून कोणी आपल्या मनाने दिवसाआड सुरू करू नये. डॉक्टरांनी सांगितले तर गोष्ट वेगळी.

तर मग जादा लोहाने अपाय होतो तो कोणाला? इराणमध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ज्या गरोदर बायकांचे हिमोग्लोबिन मुळातच १३.२ किंवा जास्त होते, त्यांतल्या काहींना रोज ५० मिलिग्रॅम लोह दिले, काहींना नुसती खोटी गोळी. लोह घेतलेल्यांत रक्तदाब वाढलेल्या आणि बाळ लहान जन्मलेल्या जास्त निघाल्या. गोदाम भरलेले असताना माल ओतला की काय होते त्याचे हे उदाहरण. पण आपल्याकडे ज्या बाईचे ९ आहे तिला ही बातमी लागू करणे म्हणजे केवडा पडलेल्या उसाला शेजारच्या हिरव्या प्लॉटचा नियम लावणे. आणि लोहाची कमतरता हीसुद्धा गंज वाढवते, हे त्या मजकुरात कोणी सांगत नाही. मुक्त कणांचा बंदोबस्त करणाऱ्या कॅटॅलेज या द्रव्यालाच लोह लागते. म्हणजे खड्डा दोन्ही बाजूंना आहे. फक्त आपल्या तालुक्यांतल्या निम्म्या बायका कोणत्या बाजूला उभ्या आहेत ते पाहून बोलावे.

गरोदरपणातल्या या ताणावर पुण्यातही काम झालेले आहे. भारती विद्यापीठातील डॉ. साधना जोशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी, गरोदरपणात रक्तदाब चढून गुंतागुंत होते अशा बायकांचे रक्त तपासले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ऑक्सिडेटिव्ह ताणाची खूण त्यांच्यात जास्त आढळली. हे वाचून औषध दुकानातून 'अँटिऑक्सिडंट' टॉनिक आणण्याची घाई मात्र नको. इंग्लंडमध्ये सुमारे २४०० बायकांना जीवनसत्त्व क आणि ई यांच्या मोठ्या गोळ्या देऊन पाहिल्या. २००६ मध्ये निकाल आला. रक्तदाबाचा तो विकार टळला नाहीच, उलट कमी वजनाची बाळे जास्त जन्मली. पेरू, आवळा, लिंबू, शेंगदाणे, पालेभाजी यांचा भाव बाटलीपेक्षा कमी आणि भरवसा जास्त.

आपल्या भागाला अधिक जवळचा अभ्यास दुसरा आहे. शिरूर तालुक्यातील वढू येथे पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे ग्रामीण आरोग्य केंद्र आहे, ते बहुतेकांना माहीत असेल. त्याच केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत शेतकरी कुटुंबांतल्या गरोदर बायकांच्या ताटात काय असते ते लिहून काढले. ७९७ गरोदरपणांची नोंद झाली. नुसते उष्मांक मोजून बाळाच्या वजनाचा अंदाज लागेना. फरक दिसला तो पालेभाजी, फळे आणि दूध वारंवार खाणाऱ्यांत. त्यांची बाळे अधिक भरलेली होती. दुसरी गोष्ट अधिक बोचणारी. ज्या बायकांच्या अंगावर शेतीचे, पाणी आणण्याचे काम जास्त, त्यांची बाळे लहान. खुरपणी, बांधणी, जनावरांचा चारा हे सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत चालू असते हे आपण सगळेच पाहतो. यात गोळीचा काही उपाय नाही. घरातल्या माणसांनी भारा उचलायचा, एवढाच आहे.

त्याच अभ्यासातून आणखी एक निघाले. निम्म्याहून पुष्कळ जास्त बायकांत जीवनसत्त्व ब-१२ कमी होते. ते वनस्पतीत मिळत नाही. दूध, दही, अंडी, मटण, मासळी यांतच मिळते. ते कमी असेल तर लोह कितीही दिले तरी रक्त पुरते वर येत नाही. नत्र पडलेच नाही आणि नुसता पालाश टाकत बसले, तसे ते. माळकरी घरात मांसमच्छीचा प्रश्न नाही, तिथे दूध-ताकावरच भिस्त. आणि आपली रीत अशी, की सकाळ-संध्याकाळ कॅन भरून डेअरीला, घरात चहापुरते. दुधाच्या पगारातून टॉनिकची बाटली येते. हा हिशेब मला अजून जुळलेला नाही.

आता गुळाचे. दौंडच्या गुऱ्हाळांचा गूळ दूरवर जातो, त्याचा आपल्याला अभिमान आहे, आणि गूळ-शेंगदाणे खाल्ल्याने रक्त वाढते हे प्रत्येक घरात सांगतात. ऊस खात्याच्या माणसाने गुळाविरुद्ध बोलू नये, पण आकडा सांगतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यात १०० ग्रॅम गुळात लोह पाच मिलिग्रॅमच्या आसपास आहे. एका गोळीची बरोबरी करायला रोज सव्वा किलोच्या घरात गूळ खावा लागेल. साखरेपेक्षा बरा, गोळीच्या जागी नाही. डाळिंब आणि बीट यांचेही तेच. लाल रंग म्हणजे लोह नव्हे. त्यापेक्षा शिरूरची बाजरी कामाची. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटच्या साहाय्याने काढलेला 'धनशक्ती' हा जादा लोहाचा बाजरी वाण मुद्दाम यासाठीच आहे. महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांना सहा महिने जादा लोहाच्या बाजरीची भाकरी देऊन पाहिले, तर लोहाची तूट असलेल्यांची ती अधिक प्रमाणात भरून निघाली. कोरडवाहू तुकड्यावर घरच्यापुरता एखादा पट्टा करण्यास हरकत नाही. भाजी लोखंडी कढईत करावी, आणि ताटात लिंबाची फोड असावी. फवारणीत लिंबू टाकतो त्याच कारणाने.

गोळी कशी घ्यावी हे आशाताई आणि सिस्टर सांगतातच, तरी पुन्हा. चहाबरोबर, चहाच्या आधी किंवा लगेच नंतर नको. चहातले टॅनिन लोहाला धरून बसते. आपल्याकडे पाहुणा आला की चहा, गेला की चहा, म्हणून दीड-दोन तासांचे अंतर म्हणजे रात्री झोपताना घेणे हेच सोपे. मळमळ होणारीलाही रात्रीच बरी पडते. कॅल्शियमची गोळी आणि दूध लोहाच्या गोळीबरोबर नको. त्यांची वेळ वेगळी. लिंबूपाण्याबरोबर घेतली तर उत्तम. जंताची गोळी दुसऱ्या तिमाहीत एकदा देतात, ती टाळू नये. जंत रक्त पितात, मग वरून ओतून काय उपयोग. रक्तक्षय निघाला तर डॉक्टर रोज दोन गोळ्या सांगतात. त्या महिनाभर घेऊन हिमोग्लोबिन निदान एक ग्रॅमने चढले पाहिजे. चढले नाही तर पुढच्या तपासणीला पाठवतात, तिथे 'बघू पुढल्या महिन्यात' म्हणून घरी बसू नये. सातच्या खाली असेल तर शिरेतून लोह किंवा रक्त, तेही रुग्णालयातच. घरात कोणाला थॅलेसेमिया किंवा सिकलसेल असेल तर गोळी सुरू करण्याआधीच सांगावे. त्यांचे गणित वेगळे असते.

सरकारी गोळी चालू असताना वरून खाजगी दुकानातली लोहाची गोळी आणि तिसरे माहेरून आलेले टॉनिक, असे तिन्ही चालू असलेली घरे आहेत. ज्या जादा लोहाची भीती मोबाईल घालतो, ते असल्या दुहेरी-तिहेरी डोसातून होते. सगळ्या पट्ट्या आणि बाटल्या पिशवीत घालून तपासणीला न्याव्यात आणि डॉक्टरांना दाखवाव्यात.

आणि एक गोष्ट कळकळीची. ही गोळी लाल, वरून गुळगुळीत. लहान पोराला ती गोड गोळी वाटते. मोठ्या माणसाचे औषध असलेल्या पाच-दहा गोळ्या पोटात गेल्या तर लहान मुलाच्या जिवावर बेततात. पट्टी फडताळात वर, कुलपात. कीटकनाशकाच्या बाटलीला जो नियम तोच हिला.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत व रुग्णालयांत गरोदर मातांची मोफत तपासणी असते. २०१६ पासून हे चालू आहे. तोडणीच्या धांदलीत ९ तारीख विसरते, म्हणून तोडीच्या चिठ्ठीसारखी ती भिंतीवर लिहून ठेवावी. हंगामात आपल्या फडात येणाऱ्या टोळ्यांतही गरोदर बायका असतात. बीड-नगरकडून निघताना मिळालेल्या गोळ्या दोन महिन्यांत संपतात, कार्ड गावाकडे राहिलेले असते. टोळी ज्याच्या रानात उतरली असेल त्या सभासदाने गावच्या आशाताईला एक निरोप द्यावा. नाव-गाव विचारून त्या पुढचे पाहतात. तपासणीच्या दिवशी त्या बाईचा कोयता बंद राहील, तेवढे मुकादमाशी बोलून घ्यावे.

केवडा पडलेल्या प्लॉटची नोंद गटऑफिसमध्ये नेहमीप्रमाणे द्यावी. फेरस सल्फेटची मागणी चिटबॉयकडे लेखी नोंदवावी.